थंडीत सकाळी जुनी डिझेल गाडी हालते, मिसिंग मारते : पंप-नोझल खोलायच्या आधी काय काय बघायचं

डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याकडून वारं सुटलं की जळगाव, धुळे, नंदुरबार सगळीकडे पारा एक आकडी होतो, रावेर-यावलकडे केळीवाल्यांना बागेची काळजी लागते आणि इकडे दारात उभी असलेली जुनी डिझेल गाडी सकाळी नखरे करायला लागते. सेल्फ मारत राहायचा, गाडी लवकर उठत नाही, उठली की अशी हालते की आतला आरसा थरथरतो, मागून पांढरा धूर निघतो आणि त्या धुराने डोळे चुरचुरतात. दोन-तीन मिनिटं गेली की सगळं आपोआप शांत होतं, आपण निघतो आणि दिवसभर विसरून जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी हे दोन हिवाळे काढले. माझी गाडी २००३ ची, चार सिलिंडर, नोझलना दाबाने डिझेल देणारा जुन्या पद्धतीचा मेकॅनिकल पंप. गॅरेजला नेली ती दुपारी दोन वाजता, इंजिन तापलेलं, गाडी एकदम व्यवस्थित चालू. तिथे सांगितलं की पंप आणि नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे) दोन्ही गेलेत, मी करून घेतलं, बरेच पैसे गेले, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे सारंगखेड्याच्या यात्रेला निघायचं होतं तेव्हा गाडी जशीच्या तशी हालत होती. पोरं स्वेटर घालून दारात उभी आणि मी सेल्फवर सेल्फ. त्यानंतर शहाद्याकडचे एक म्हातारे मिस्तरी भेटले, त्यांनी गाडीला हातही लावला नाही, फक्त विचारलं की धूर कसा निघतो आणि किती वेळ निघतो. मग म्हणाले, "भो, पहिले हीटर देखसूत, नोझलनं मंग." हीटर म्हणजे गार इंजिन पेटावं म्हणून आतून गरम करणारे हीटर प्लग (ग्लो प्लग). चारपैकी दोन हीटर मेलेले निघाले आणि नोझलवरचा एक रिटर्न पाईप, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारा, चिरलेला. काही शे रुपयांचं काम होतं. तेव्हापासून मी दर हिवाळ्यात नातेवाईकांच्या, गल्लीतल्या लोकांच्या गाड्या बघतो आणि एक गोष्ट मला पक्की पटलीय: हा आजार फक्त गार इंजिनवर आणि फक्त पहिल्या दोन मिनिटांत दिसतो, त्यामुळे तपासणीही तेव्हाच करायची, स्वस्त गोष्टीपासून महागाकडे जायचं आणि एका सकाळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

आधी गाडी असं का करते ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती दाबामुळेच तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा गेला की पेट घेतो. जुन्या इंजिनात हवा साधारण बावीस पटीपर्यंत दाबली जाते. पण रात्रभर गारठलेलं लोखंड त्या हवेची उष्णता खेचून घेतं, आणि इंजिन हळू फिरत असेल तर उष्णता निघून जायला आणखी वेळ मिळतो. मग एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल पडतं पण पेटत नाही, ते तसंच वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर येतं. तोच तो डोळ्याला झोंबणारा पांढरा धूर. आणि ते सिलिंडर काम करत नाही म्हणून बाकीचे तीन त्याला ओढतात आणि गाडी हालते, यालाच मिसिंग म्हणतात. इंजिन थोडं तापलं की तेही पेटायला लागतं.

आपल्याकडच्या जुन्या गाड्या ढोबळ मानाने तीन प्रकारच्या. पहिला प्रकार आयडीआय (इनडायरेक्ट इंजेक्शन), म्हणजे १४०५ सीसीची जुनी इंडिका, क्वालिस, जुनी सुमो, डिझेल अँबेसेडर. यात डिझेल आधी इंजिनच्या डोक्यातल्या (हेडमधल्या) छोट्या खोलीत पेटतं आणि मग पिस्टनवर येतं, त्या खोलीच्या भिंती उष्णता पितात म्हणून या गाड्यांना हीटर प्लगशिवाय थंडीत चालतच नाही. दुसरा डीआय (डायरेक्ट इंजेक्शन), जुनी बोलेरो वगैरे, यात डिझेल थेट पिस्टनवर पडतं, थंडीत ही गाडी जरा बरी उठते आणि काहींना हीटर प्लग नसतातच. तिसरा कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच मोठ्या दाबाच्या नळीतून डिझेल, कॉम्प्युटरच्या हुकमाने), म्हणजे स्विफ्ट डीडीआयएस, इनोव्हा, स्कॉर्पिओ सीआरडीई, यांच्याबद्दल शेवटी वेगळं लिहितो कारण तिथे हात घालायचे नियमच वेगळे आहेत. खालचं बहुतेक सगळं पहिल्या दोन प्रकारांसाठी आहे.

आदल्या रात्रीची तयारी

गाडी सपाट जागी लावा आणि निदान आठ तास हात लावू नका. झोपायच्या आधी टॉर्च घेऊन रेडिएटरच्या बाटलीतलं पाणी कुठपर्यंत आहे तिथे पेनाने खूण करा, ऑइलची पट्टी काढून बघा. सामान फार लागत नाही: एक मल्टिमीटर, वायर जोडलेला १२ व्होल्टचा बल्ब, लहान पाने, फडकं, पाण्याची फवारायची बाटली, एक वही. आणि घरातलं एक माणूस, चावी फिरवायला. एकट्याने हे होत नाही, कारण तुम्ही सीटवर बसलात तर धूर आणि इंजिन कोण बघणार.

पहिली सकाळ : फक्त बघायचं

पहिल्या दिवशी काहीही खोलू नका. बोनेट उघडं ठेवा, मोबाईलवर व्हिडिओ चालू करा, दुसऱ्याला नेहमीसारखं हीटर देऊन (चावी ऑन करून हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबून) सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरपाशी उभे राहा. वहीत लिहा: किती सेकंद सेल्फ लागला, उठल्यावर लगेच हालली की पाच-दहा सेकंद नीट चालून मग हालली, धूर कोणत्या रंगाचा, वास कसा, आणि किती मिनिटांनी शांत झाली.

हे चार मुद्दे खूप काही सांगतात. धूर पांढरा, वास कच्च्या डिझेलचा आणि डोळे झोंबतात, इंजिन तापलं की गायब, तर हीटर, कम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) किंवा टायमिंग (डिझेल फवारायची वेळ). पांढरा आहे पण वाफेसारखा, झोंबत नाही, वास जरा गोडूस आणि पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगकडे, संशय जातो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर काढून झटका, कापसाच्या हंगामात आपल्याकडे रस्त्याची धूळ किती असते ते सांगायला नको. आणि गाडी लगेच उठली, पाच सेकंद छान चालली आणि मग गटांगळ्या खायला लागली तर तो हीटरचा आजार नसतो, लाईनमध्ये एअर आहे.

सायलेन्सरच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर एक कागद धरा. सगळे सिलिंडर चालू असतील तर कागद एकसारखा फडफडतो. एखादं मेलेलं असेल तर फड-फड-फड आणि मध्ये एक खाडा, पुन्हा फड-फड-फड आणि खाडा, आणि तो खाडा अगदी तालात येतो. खाडा नाही, आवाज एकसारखा आहे आणि तरी गाडी हालते, तर इंजिनचं माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) बघा, थंडीत रबर कडक होतं आणि बसलेलं माउंटिंग सगळी थरथर बॉडीत पाठवतं. नोझलचे पैसे वाचले.

बॅटरी आणि अर्थिंग

हे पटकन उरकायचं पण टाळायचं नाही. सकाळी काहीही चालू न करता बॅटरीवर मीटर लावा, १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी दमलीय, अशा बॅटरीवर सेल्फ हळू फिरतो आणि हीटरलाही पुरेसा करंट मिळत नाही, म्हणजे दुहेरी मार. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसच्या खुंटीला आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावून सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी गंजलीय, काढा, घासा, घट्ट करा. इंजिन ऑइलही इथेच लक्षात घ्या. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्री तापतं म्हणून बरेच लोक २०डब्ल्यू-५० टाकतात आणि तेच जानेवारीत काकवीसारखं घट्ट होतं. कंपनीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० चालत असेल तर तेच टाका, ते उन्हाळ्यातही चालतं.

हीटर प्लग, इथे घाई करू नका

माझ्या बघण्यात जुन्या आयडीआय गाडीच्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपल्यात. आणि लोक इथेच फसतात, कारण डॅशबोर्डवर हीटरचा दिवा लागतो, विझतो, म्हणजे हीटर चालू आहेत असं सगळ्यांना वाटतं. बऱ्याच गाड्यांत तो दिवा फक्त टायमर सांगतो. चारही प्लग मेलेले असले तरी दिवा आपलं काम करत राहतो.

पहिली चाचणी फुकटची आहे. एका सकाळी नेहमीसारखं एकदा हीटर देऊन स्टार्ट करा. दुसऱ्या सकाळी चावी ऑन करा, दिवा विझू द्या, चावी बंद करा, पुन्हा ऑन, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. खूप फरक पडला तर हीटर गरम होतायत पण कमी पडतायत, एखाद-दुसरा मेलेला असेल किंवा टायमर लवकर बंद होत असेल. काडीचाही फरक पडला नाही तर हीटरला करंटच जात नाही किंवा आजार दुसरीकडे आहे.

आता मीटर. हीटर प्लग इंजिनच्या डोक्यात ओळीने बसलेले असतात आणि त्यांच्या टोकांना एक धातूची पट्टी किंवा जाड वायर जोडलेली असते. मीटरची लाल वायर त्या पट्टीला, काळी इंजिनला, आणि दुसऱ्याला चावी ऑन करायला सांगा. रिलेचा टक असा आवाज यायला पाहिजे आणि मीटरवर ११ च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. काहीच दिसत नसेल तर प्लग खोलण्यात अर्थ नाही, आधी जाड फ्यूज बघा, तो बहुतेक ५० ते ८० अँपिअरचा पट्टीसारखा फ्यूज असतो आणि वरून चांगला दिसतो पण स्क्रूपाशी तडकलेला असतो. मग रिले.

व्होल्ट येत असतील तर पट्टी काढा. छोटे नट असतात, खाली पडले की इंजिनच्या पोटात कुठे जातात देव जाणे, म्हणून खाली फडकं अंथरा. पट्टी निघाली की प्रत्येक प्लग सुटा झाला. आता बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी वायर एकेका प्लगच्या टोकाला टेकवा. बल्ब लागला तर त्या प्लगची तार शाबूत, नाही लागला तर प्लग मेला. मीटरने ओहम बघायचे असतील तर चांगला प्लग साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो, पण आधी मीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांना टेकवून बघा, स्वस्त मीटर स्वतःच ०.३-०.४ दाखवतो, ते वजा करा. बल्ब लागणं म्हणजे प्लग शंभर टक्के चांगला असं नाही, म्हातारा प्लग तार शाबूत असूनही नुसता कोमट होतो, पण मेलेला तर लगेच कळतो.

माझ्या गाडीत दोन आणि तीन नंबरचे मेले होते, आणि पट्टी काढली तर एक नंबरच्या नटाखाली काळी पुटं चढलेली, नखाने खरवडली तर भुकटी निघाली. म्हणजे तो प्लग चांगला असूनही त्याला करंट नीट जात नव्हता. पॉलिश पेपरने पट्टी आणि टोकं चकचकीत करून घेतली, हे काम प्लग बदलणारेही बरेचदा करत नाहीत, तुम्ही मुद्दाम सांगा.

प्लग काढताना मात्र नियम उलटा, इंजिन कोमट पाहिजे. जुना प्लग डोक्यात कार्बनने धरलेला असतो, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी गाडी थोडी फिरवून आणा आणि मग हळूहळू मागे-पुढे करत सोडवा. जोर लावला आणि प्लग तुटून अर्धा आत राहिला तर हेड उतरवायची वेळ येते. अडकला तर थांबा, चांगल्या मिस्तरीकडे न्या, यात कमीपणा नाही. नवे बसवताना चार एकदम, एकाच कंपनीचे, त्याच व्होल्टचे घ्या आणि आवळताना हात हलका ठेवा, साधारण १५ ते २० न्यूटन मीटर पुरतं, गाडीच्या पुस्तकात आकडा असतो. काही लोक प्लग बाहेर काढून थेट बॅटरीला लावून लाल होतो का बघतात, जुन्या ११-१२ व्होल्टच्या प्लगला हे चालतं, पण पकडीत घट्ट धरून आणि काही सेकंदच. नव्या गाड्यांत कमी व्होल्टचे प्लग येतात, त्यांना थेट बॅटरी दिली की जागीच जळतात.

एअर

दुसरं मोठं कारण हे. जुन्या गाडीत टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढून आणलं जातं, म्हणजे त्या भागात लाईन गळत असेल तर डिझेल बाहेर येईलच असं नाही, हवा आत जाते. रात्रभरात डिझेल हळूहळू मागे टाकीत उतरतं, सकाळी पंपापाशी डिझेलच्या जागी हवा असते. पंपात उरलेल्या डिझेलवर गाडी पाच-दहा सेकंद चालते आणि मग आचके देते.

याचीही फुकटची चाचणी आहे. फिल्टरवर हाताने दाबायचा प्रायमर असेल तर सकाळी चावी फिरवायच्या आधी तो दाबा. चार-पाच दाबांत कडक झाला तर लाईन भरलेली आहे. पंधरा-वीस वेळा दाबूनही नुसता मऊ लागतो, आत फुसफुस होते आणि मग हळूहळू कडक होतो, तर रात्री डिझेल उतरलेलं होतं. आता असा प्रायमर कडक करून सेल्फ मारा. गाडी लगेच उठली आणि हालली नाही, तर आजार सापडला, आता फक्त हवा कुठून येते ते शोधायचं. दुसरी खूण म्हणजे उतारावर तोंड वर करून लावली की एक वागते आणि तोंड खाली करून लावली की वेगळी. कन्नड घाटाच्या अलीकडे रात्री थांबलात आणि सकाळी गाडी एकदम शहाण्यासारखी उठली तर ती कशी उभी होती ते आठवा.

शोधायचं कसं तर नोझलपासून सुरू करा. नोझल ते नोझल जोडणारे कापडी विणीचे बारीक रिटर्न पाईप असतात, ते बोटाने वाकवून बघा, चिरा पडल्या असतील, बाहेरून ओलसर असेल आणि त्यावर काळी धूळ थापलेली असेल तर बदला, मीटरभर पाईप घेतला की चारही होतात आणि शेवटच्या नोझलवरचं बुचही बघा. माझ्या गाडीचा पाईप वरून चांगला होता, खालच्या बाजूने ब्लेड मारल्यासारखा चिरलेला, आरसा धरला तेव्हा दिसला. मग फिल्टरची रबर रिंग, फिल्टर बदलताना जुनीच बसवलेली असते. फिल्टरच्या खालचा पाणी काढायचा स्क्रू. प्रायमरचं रबर. पाईपाच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर.

तरी सापडलं नाही तर फिल्टर ते पंप या पाईपच्या जागी तात्पुरता पारदर्शक डिझेल पाईप लावा आणि इंजिन चालू असताना बघा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा चालतो, सतत मुंग्यांसारखी रांग लागली तर हवा फिल्टरमधून किंवा त्याच्या आधीच्या, टाकीकडच्या लाईनमधून येतेय. शेवटचा उपाय म्हणजे स्वच्छ गाळलेलं डिझेल भरलेली छोटी कॅन पंपापेक्षा उंचीवर घट्ट बांधा, इंजिनच्या गरम भागापासून आणि पंख्यापासून लांब, पंपाचा ओढायचा पाईप आणि परतीचा पाईप दोन्ही त्यात सोडा, रात्रभर तसंच ठेवून सकाळी स्टार्ट करा. गाडी नीट चालली तर पंप आणि नोझल निर्दोष आहेत, टाकी ते फिल्टर लाईन दोषी. हे एवढं केल्याशिवाय पंप कोणालाही खोलू देऊ नका.

कोणतं सिलिंडर मेलंय

हीटर आणि एअर दोन्ही ठीक निघाले आणि खाडा तसाच आहे, तर आता सिलिंडर शोधायचं. ही युक्ती मला सगळ्यात आवडते कारण यात काहीच खोलावं लागत नाही. गार इंजिन चालू करा, एक मिनिट थांबा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही नळ्यांवर, जिथे त्या हेडला मिळतात तिथे, बाटलीने पाण्याचे दोन-दोन थेंब टाका. जास्त पाणी नको, बिडाचं लोखंड तडकू शकतं. चालू सिलिंडरच्या नळीवर थेंब चर्र करून उडून जातो. मेलेल्या सिलिंडरच्या नळीवर थेंब नुसता बसतो, मग ओघळ होऊन खाली उतरतो. तो ओघळ बघितला की विषय संपला, नंबर वहीत लिहा. पंखा आणि बेल्टपासून बाह्या, मफलर लांब ठेवा.

जुने मिस्तरी एकेका नोझलला येणाऱ्या डिझेल पाईपाचा नट पाव आटा ढिला करून बघतात, ढिला केल्यावर इंजिनचा आवाज पडला तर ते सिलिंडर चालू होतं, फरक पडला नाही तर तेच मेलेलं. मेकॅनिकल पंपावर ही पद्धत बरोबर आहे, पण तिथेही शंभर बारच्या वर दाब असतो, फडकं गुंडाळून, डोळ्याला चष्मा लावून आणि हात फवाऱ्याच्या रेषेत न आणता करायची. माहीत नसेल तर पाण्याचे थेंबच बरे.

फिल्टर आणि डिझेल

फिल्टरखालचा स्क्रू सोडून काचेच्या ग्लासात थोडं डिझेल घ्या आणि अर्धा तास ठेवा, खाली पाण्याचा थर दिसतो का बघा. शेतावर मोटरीसाठी, ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये ठेवलेलं डिझेल गाडीत टाकायची आपल्याकडे सवय आहे, त्या कॅनच्या तळाशी पाणी आणि माती दोन्ही असतात. फिल्टर कधी बदलला आठवत नसेल तर बदलायची वेळ झालीय. अजून एक, आपल्या देशात डिझेलचं मानक हिवाळ्याला आणि उन्हाळ्याला वेगळं असतं, डिझेल ज्या तापमानापर्यंत वाहतं राहतं त्या पोअर पॉइंटची मर्यादा उन्हाळ्याच्या डिझेलला १५ डिग्री आणि हिवाळ्याच्या डिझेलला ३ डिग्री. म्हणून गाडी फारशी फिरत नसेल आणि टाकीत मे महिन्यातलं डिझेल पडून असेल तर तोरणमाळकडच्या थंडीत त्यात मेण धरून फिल्टर तुंबू शकतो. दिवाळीनंतर टाकी एकदा रिकामी करत आणून ताजं डिझेल भरा. रॉकेल मिसळू नका, पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं.

पंपाचा थंडीचा लिव्हर

बऱ्याच जुन्या रोटरी पंपांवर थंडीसाठी वेगळा लिव्हर असतो, मेणाच्या डबीवर किंवा केबलवर चालणारा. इंजिन गार असताना तो आयडलिंग थोडं वर ठेवतो आणि डिझेल जरा आधी सोडतो. गार असताना त्याची जागा बघा, इंजिन तापल्यावर पुन्हा बघा, जागा बदलली पाहिजे. जाम असेल किंवा केबल सुटलेली असेल तर गार इंजिन फार कमी आरपीएमवर चालतं आणि हालतं, आणि मग कोणीतरी मुख्य आयडलिंगचा स्क्रू वाढवून ठेवतं आणि गाडी तापल्यावर ओरडत राहते. टायमिंग बेल्ट नुकताच बदलला आणि त्यानंतरच त्रास सुरू झाला असेल तर बेल्ट एक दात चुकलाय का ते आधी तपासून घ्या.

आता नोझल

वरचं सगळं झालं, सिलिंडरचा नंबर हातात आहे, मगच नोझल काढा. त्यातही आधी फक्त अदलाबदल: मेलेल्या सिलिंडरचं नोझल शेजारच्या चांगल्या सिलिंडरला लावा. सकाळी खाडा नोझलबरोबर तिकडे गेला तर नोझल दोषी, जागेवरच राहिला तर नोझल निर्दोष आणि कम्प्रेशन बघायचं. नोझल टेस्टिंगला दिलं तर समोर उभे राहा, दाब किती धरतं, फवारा धुक्यासारखा येतो की धार येते आणि दाब धरून ठेवल्यावर तोंडाशी थेंब लोंबतो का, तिन्ही बघा. लोंबणारा थेंब म्हणजे रात्री डिझेल सिलिंडरमध्ये ठिबकतं. बसवताना खालचं वॉशर नवीनच पाहिजे.

कम्प्रेशन आणि पाणी

कम्प्रेशन गेज डिझेलचाच पाहिजे, पेट्रोलचा फुटेल. जुन्या आयडीआयला साधारण २५ ते ३० बार दिसलं पाहिजे, आणि आकड्यापेक्षा चारही सिलिंडर सारखे आहेत का ते महत्त्वाचं, एखादं पाच बारने खाली असेल तर ते तुमचं सिलिंडर. आधी टॅपेट (वॉल्वची फट) सेट करा, वॉल्व पूर्ण बसत नसेल तर रिंगा चांगल्या असूनही कम्प्रेशन कमी येतं आणि टॅपेटचं काम रिंगांच्या तुलनेत काहीच नाही. आदल्या रात्री पाण्याला केलेली खूण आता बघा. रोज सकाळी पाणी खाली, पहिला मिनिट एक सिलिंडर मरतं, वाफ निघते, आणि चालू केल्या केल्या रेडिएटरचे पाईप फुगून कडक होतात, तर गॅस्केट. ही गाडी चालवत राहू नका. आणि गरम रेडिएटरचं झाकण कोणत्याही कारणाने उघडू नका.

कॉमन रेलवाल्यांनी हे वाचा

स्विफ्ट, इनोव्हा, स्कॉर्पिओ असेल तर नोझलचा नट ढिला करायची पद्धत विसरा. आयडलिंगलाच दोन-अडीचशे बार दाब असतो आणि रेस दिली की हजाराच्या वर जातो, बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडतं. असं कधी झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं. या गाड्यांना पहाटे, गार असताना स्कॅनर लावा आणि सगळ्यात आधी इंजिनच्या पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा आकडा बघा. बाहेर ९ डिग्री असताना सेन्सर ७० सांगत असेल तर कॉम्प्युटरला वाटतं इंजिन तापलेलं आहे, मग तो हीटर देतच नाही. सेन्सर स्वस्त असतो. त्यानंतर सेल्फ मारताना रेलचा दाब, प्रत्येक इंजेक्टरचं (इथलं नोझल) करेक्शन, म्हणजे कॉम्प्युटर त्याला किती डिझेल कमी-जास्त देतोय ते, आणि चारही इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावून कोण जास्त डिझेल परत सोडतो ते. ईजीआर वॉल्व (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा अडकला असेल तरी आयडलिंग हालतं. हीटरचं इथेही बघायचंच, फक्त थेट बॅटरी लावायची नाही.

काही गोष्टी करू नका, मी त्या होताना बघितल्यात म्हणून सांगतो. हीटर प्लग असलेल्या गाडीत ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारायचा नाही, लाल प्लगवर तो वेळेआधी भडकतो आणि पिस्टन, रिंगा फुटतात. इंजिनच्या ऑइल चेंबरखाली चिंध्या पेटवायच्या नाहीत, गावाकडे ट्रॅक्टरला करतात तसं, वरून डिझेल ठिबकत असेल तर गाडी राहणार नाही. दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग सेल्फ नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा. उठल्या उठल्या रेस देऊन हालणं दाबायचं नाही, ऑइल वर पोचायला वेळ लागतो. आणि बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून तपासत बसायचं नाही, धुराने माणूस बसल्या जागी जातो.

आणि गॅरेजला द्यायचीच असेल तर दुपारी चालवत नेऊन सोडू नका. आदल्या संध्याकाळी तिथे उभी करा, वही आणि मोबाईलमधला पहिल्या सकाळचा व्हिडिओ मिस्तरींना दाखवा, आणि विनंती करा की माझ्यासमोरच चालू करा. सकाळी गॅरेज उघडायच्या आधी पोचा, बोनेट उघडून इंजिनवर हात ठेवा, लोखंड गार लागलं तरच चावी फिरवू द्या. कोणी आधीच चालू करून ठेवली असेल तर तो दिवस गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा या.